फिलाडेल्फियाची एकोणीस ठिकाणे आणि अडीच दिवस

वाचकाचे पत्र, थोडक्यात : आम्ही दोघे न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लग्नाला चार वर्षे झाली आहेत. लेबर डेच्या सलग सुट्टीत, शनिवार सकाळ ते सोमवार दुपार, असे अडीच दिवस फिलाडेल्फियाला जायचे आम्ही ठरवले आहे. माझ्या पतींनी एक्सेलमध्ये एकोणीस ठिकाणांची यादी केली असून प्रत्येक ठिकाणासमोर मिनिटे मांडली आहेत : लिबर्टी बेलला पंधरा, जेवणाला पस्तीस. मला सुट्टीत घड्याळ नकोसे होते. गेल्या वर्षी वॉशिंग्टनला अशाच यादीपायी भांडण झाले आणि परतीच्या प्रवासात आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. डॉ. आनंदीबाई जोशी जेथे शिकल्या ती जागा पाहावी, एवढीच माझी एक सूचना होती. ‘तिथे आता पाहण्यासारखे काही नाही’ असे म्हणून तीही ओळ कापली गेली. मी शाकाहारी आहे, त्यांना काहीही चालते. आता ती यादी फाडून टाकावी, की मुकाट्याने मागोमाग चालावे?
— एक वाचक, एडिसन

सप्रेम नमस्कार.

यादी फाडू नका. तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक आहे मिनिटांची, आणि तिचा निकाल लावणे अवघड नाही. दुसरी आहे कापलेल्या ओळीची. वॉशिंग्टनहून परततानाच्या अबोल्यापेक्षा तिचाच सल तुमच्या मनात अधिक असावा, असे पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटले. तिच्याकडे मी शेवटी येते, कारण ती घाईने उरकण्यासारखी नाही.

आधी मिनिटांचे पाहू. तुमचे पती चुकत आहेत, पण तुम्हाला वाटते तेवढे नाही. फिलाडेल्फियात काही गोष्टी अशा आहेत की त्यांची वेळ साधली नाही, तर दारापर्यंत जाऊन हात हलवत परत यावे लागते. आणि बाकीच्या बहुतेक गोष्टी अशा आहेत की तेथे केव्हाही जावे, कितीही वेळ थांबावे, नाहीच गेलो तरी काही बिघडत नाही. त्यांच्या यादीत हे दोन्ही प्रकार एकाच रकान्यात बसवले आहेत, आणि भांडणाचे मूळ तेथे आहे. तेव्हा आज जेवण झाल्यावर दोघे एकत्र बसा आणि एकोणीस ठिकाणांची ‘घड्याळाची’ व ‘पायांची’ अशी वाटणी करा. माझ्या हिशेबाने घड्याळाच्या रकान्यात चारच गोष्टी उरतात : इंडिपेन्डन्स हॉलचे तिकीट, शनिवारचा बाजार, शनिवारचेच टपाल कार्यालय आणि कला संग्रहालय. उरलेल्या पंधरांपुढची मिनिटे पुसून टाकायला त्यांची हरकत असू नये, कारण नावे जागच्या जागी राहणार आहेत; यादी करणाऱ्या माणसाला नाव खोडणे फार लागते, मिनिटे खोडणे तितकेसे लागत नाही.

ही वाटणी या शहरात जमते, याला शहराची घडणच कारण आहे. क्वेकर पंथाच्या विल्यम पेन यांनी १६८२ साली डेलावेअर आणि स्कूलकिल या दोन नद्यांच्या मधल्या सपाट जमिनीवर शहराची आखणी करविली. उभ्या रस्त्यांना क्रमांक दिले गेले, आडव्या रस्त्यांपैकी अनेकांना चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन अशी झाडांची नावे मिळाली, आणि मध्ये पाच मोकळे चौक सोडले. पुण्याच्या पेठांत कुणाचे घर शोधताना तीन वेळा त्याच मारुतीपाशी येऊन पोहोचलेल्या माणसाला तर हे शहर म्हणजे वरदानच वाटावे. जुने शहर दुसऱ्या ते सहाव्या रस्त्याच्या दरम्यान इतक्या दाटीने वसले आहे की तुमच्या पतींच्या यादीतली निम्मी नावे एकमेकांपासून चालत पाचसात मिनिटांवर असतील. अशा जागी वेळापत्रकाने वेळ वाचत नाही. मोटार मात्र घरीच ठेवा, कारण जुन्या शहरात ती उभी करायला जागा शोधण्यातच एखादे नवे भांडण निघेल. एडिसनहून न्यू जर्सी ट्रान्झिटने ट्रेन्टन, तेथे गाडी बदलून सेप्टाची, म्हणजे फिलाडेल्फियाच्या परिवहन सेवेची, लोकल घेतली की साधारण दोन तासांत तुम्ही जेफरसन स्थानकावर उतरता.

जेफरसनवरच उतरायला सांगण्याचे कारण असे की वर आले की जवळच रीडिंग टर्मिनल मार्केट आहे. १८९३ पासून हा बाजार येथे भरतो आहे. त्याच्या डोक्यावर पूर्वी आगगाड्यांचे फलाट होते, म्हणजे वर गाड्या येत-जात आणि खाली भाजी, लोणी व मासे विकले जात. पेनसिल्व्हेनियाच्या ग्रामीण भागातून येणाऱ्या, जुन्या पद्धतीने राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची दुकाने हे या बाजाराचे खरे आकर्षण. पण ती मंडळी रविवार पाळतात, त्यामुळे त्या दिवशी त्यांचे गाळे बंद असतात, आणि सोमवारी तर सणाची सुट्टी. म्हणून शनिवारी सकाळी गाडीतून उतरल्यावर पहिली न्याहारी येथेच करा. हाताने वळलेला, भट्टीतून नुकताच निघालेला आणि वरून लोण्याने माखलेला मऊ प्रेट्झेल हा शाकाहारी माणसाला या शहरात मिळणारा सर्वांत निर्धास्त घास आहे. त्यावर मोहरीची तिखट चटणी घ्यावी. बॅसेट्सचे आइस्क्रीम १८६१ पासून चालू असलेल्या घराण्याचे आहे, आणि न्याहारीला आइस्क्रीम खाल्ल्याबद्दल तेथे कुणी तुमच्याकडे वळून पाहणार नाही. ‘स्क्रॅपल’ नावाची तव्यावर परतलेली वडी दिसेल, ती दिसायला अळूवडीच्या सावत्र बहिणीसारखी असली तरी डुकराच्या मांसाची असते, हे ध्यानात असू द्या. चीजस्टेक हे शहराचे मानचिन्ह गोमांसाचे. तुमच्या पतींना त्याची चव पाहायची असेल तर पाहू द्यावी, आणि त्यांनीही ती पाहताना तुम्हाला रांगेत अर्धा तास उभे करू नये. बाजाराला लागूनच चायनाटाउन आहे, तेथे संपूर्ण शाकाहारी चिनी जेवण मिळू शकते. जेवणाची पस्तीस मिनिटे हा आकडा मात्र मी स्वतः खोडला असता.

न्याहारीनंतर दुपारपर्यंत नदीच्या दिशेने चालत जा. मार्केट स्ट्रीटवर तिसऱ्या आणि चौथ्या रस्त्यांच्या मध्ये फ्रँकलिन कोर्ट आहे. अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांचे घर येथे होते. ते केव्हाच पाडले गेले, आणि घर नेमके कसे दिसत होते याचा पुरेसा पुरावा नव्हता, म्हणून १९७६ साली वास्तुविशारद रॉबर्ट व्हेंचुरी यांच्या कार्यालयाने खोटे घर बांधण्याऐवजी पोलादी नळ्यांचा नुसता सांगाडा उभा केला. भिंती नाहीत, दारे नाहीत, फक्त छपराची आणि धुराड्यांची रेषा. त्याखाली उभे राहिले की घर असते तर केवढे असते, ते कळते. नसलेली वास्तू कशी दाखवावी, याचा इतका प्रामाणिक नमुना मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आणि ‘तिथे पाहण्यासारखे काही नाही’ असे म्हणणाऱ्या गृहस्थांना तेथे दहा मिनिटे बसवणे हा माझ्या सल्ल्याचा छुपा भाग आहे, तो त्यांना सांगू नका.

त्याच आवारात रस्त्याच्या बाजूला फ्रँकलिनच्या नावाचे एक चालू टपाल कार्यालय आहे. येथे तिकिटावरचा शिक्का हाताने मारतात, आणि त्या शिक्क्यात फ्रँकलिनची जुनी सही असते : ‘बी. फ्री फ्रँकलिन’. ते वसाहतींचे पोस्टमास्तर होते, त्यामुळे त्यांच्या पत्रांना टपालखर्च पडत नसे व पाकिटावर ते ‘फ्री’ असे लिहीत. तोच शब्द त्यांनी नावाच्या मध्ये घुसवला, आणि त्याचा दुसरा अर्थ ‘मुक्त हो’ असाही लागतो. दोन्ही घरच्या आईवडिलांना येथून एकेक पोस्टकार्ड टाका. शिक्का मारताना कारकुनाच्या हाताकडे पाहा; लाकडी मुठीचा ठसा शाईवर टेकवून तो कार्डावर दाबतो, आणि तेवढ्यापुरते पाहणाऱ्याला शाळेतले दिवस आठवतात. रविवारी आणि सोमवारी हे दार बंद असणार, म्हणून शनिवारीच हे काम उरका.

तेथून दुसऱ्या क्रमांकाच्या रस्त्यावर एल्फ्रेथ्स ॲली नावाची एक गल्ली आहे. अठराव्या शतकाच्या अगदी प्रारंभी ती पडली आणि आज तिच्यात बत्तीस घरे आहेत. संग्रहालयाची दोन सोडली तर बाकीची राहती घरे आहेत. उंबऱ्यावर कुंड्या असतात, दारामागे कुणीतरी जेवत असते, आणि आपण त्यांच्या खिडक्यांची छायाचित्रे काढत असतो, याची थोडी लाज बाळगावी. काही घरांच्या वरच्या मजल्यावर, खिडकीबाहेर, लोखंडी दांड्यांवर जोडलेले छोटे आरसे दिसतील. वरच्या खोलीत बसल्याबसल्या खाली दार कोण ठोठावते आहे ते दिसावे, म्हणून ते बसवलेले असतात आणि त्यांना ‘बिझीबॉडी’, म्हणजे नसती चौकशी करणारा, असे म्हणतात. वाड्याच्या माडीवरून ‘कोण आहे?’ असे विचारून, उत्तर आवडले तरच खाली येणाऱ्या आजी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या आरशाची गंमत वेगळी सांगावी लागत नाही.

पुढे पाचव्या आणि आर्च रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या दफनभूमीत फ्रँकलिन यांची समाधी आहे, लोक तिच्यावर पेनी टाकतात. बेट्सी रॉस हिचे घर मात्र मी वगळले असते, कारण पहिला अमेरिकन ध्वज तिने शिवला ही हकीकत तिच्या नातवाने १८७० साली, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी, प्रथम जाहीरपणे सांगितली. ईस्टर्न स्टेट हे १८२९ साली उघडलेले एकांतवासाचे कारागृह पाहण्याजोगे आहे खरे, पण त्याला अर्धा दिवस आणि खंबीर मन लागते. ते पुढच्या खेपेला. सिटी हॉलच्या शिखरावरचा पेन यांचा पुतळा तुम्हाला येताजाता दिसत राहील, त्याच्यासाठी मुद्दाम वेळ काढायला नको. बघा, न भांडता तीन नावे गेली.

आता इंडिपेन्डन्स हॉल. यासाठी तुमच्या पतींच्या काटेकोरपणाचे तुम्ही आभार मानले पाहिजेत. मार्च ते डिसेंबर या काळात आत जाण्यासाठी ठरावीक वेळेचे तिकीट लागते. प्रवेश विनामूल्य आहे, ऑनलाइन नोंदणीचे शुल्क नाममात्र आहे, पण सलग सुट्टीतली तिकिटे फार आधी संपतात, आणि ‘गेल्यावर पाहू’ म्हणणारी माणसे मग बाहेरच्या हिरवळीवर उभी राहून इमारतीची छायाचित्रे काढतात. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर आजच पाहा आणि रविवार सकाळची सर्वांत लवकरची वेळ मिळते का ते बघा. सुरक्षा तपासणी असते, त्यामुळे अर्धा तास आधी पोहोचा आणि मोठ्या पिशव्या हॉटेलवर ठेवा. भेट मार्गदर्शकाबरोबर होते, आणि ती छोटी असते. म्हणून आत काय पाहायचे ते आधी ठाऊक असावे.

१७३२ साली बांधायला घेतलेली ही इमारत मुळात पेनसिल्व्हेनियाच्या प्रांतिक विधिमंडळाची. तळमजल्यावर एका बाजूला न्यायालयाची खोली आहे, तिच्यात आरोपीसाठी लाकडी पिंजरा आहे. मधला दिवाणखाना ओलांडला की दुसऱ्या बाजूला सभेची खोली. खोली लहान आहे, हे पहिल्यांदा जाणवते. हिरव्या कापडाने झाकलेली मेजे, त्यांच्यावर पिसांची लेखणी, मेणबत्त्या, आणि समोर अध्यक्षांची खुर्ची. ४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच खोलीत स्वीकारला गेला, आणि अकरा वर्षांनी, १७८७ च्या उन्हाळ्यात, राज्यघटनाही याच खोलीत, गुप्तता पाळून तयार झाली. मेजखुर्च्या बहुतेक त्या काळातल्या पण दुसरीकडून आणलेल्या आहेत. अध्यक्षांची ती उंच पाठीची खुर्ची मात्र खरी, जॉर्ज वॉशिंग्टन १७८७ साली जिच्यावर बसत तीच. तिच्या पाठीच्या वरच्या टोकाला लाकडात कोरलेला अर्धा सूर्य आहे, सोनेरी मुलाम्याचा. घटनेवर सह्या होत असताना फ्रँकलिन यांनी त्या सूर्याकडे पाहत म्हटले की हा उगवतो आहे की मावळतो आहे हे मला इतके दिवस ठरवता येत नव्हते, आता कळले की तो उगवता आहे. त्या सभेचे एक सदस्य जेम्स मॅडिसन यांनी हे टिपून ठेवले, म्हणून आपल्यापर्यंत आले. तुम्ही दोघेही त्या अर्ध्या सूर्याकडे पाहा आणि तो कोणता वाटतो ते एकमेकांना विचारा. फ्रँकलिनना ते ठरवायला चार महिने लागले होते, तेव्हा तुमच्यात मतभेद झाला तरी बिघडत नाही.

लिबर्टी बेलला तिकीट लागत नाही, रांग मात्र लागते. रांग फार मोठी असेल तर चेस्टनट स्ट्रीटच्या बाजूने, काचेतून, ती बाहेरूनही दिसते. लंडनहून १७५२ साली आलेली ही घंटा पहिल्याच चाचणीत तडकली, तेव्हा पास आणि स्टो या स्थानिक कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली. तिचे वजन दोन हजार पौंडांहून थोडे अधिक आहे. सगळे लोक जिच्यापाशी उभे राहून छायाचित्र काढतात ती रुंद फट हा मूळ तडा नव्हेच. १८४६ साली वॉशिंग्टन यांच्या जन्मदिनी ती वाजवता यावी म्हणून बारीक तड्याच्या कडा मुद्दाम कोरून रुंद केल्या, की त्या एकमेकींवर घासू नयेत. ती दुरुस्ती आहे. वाजवल्यावर तडा आणखी वर सरकला, तो केसासारखा बारीक, अक्षरांमधून गेलेला. तो शोधायला थांबा, बहुतेकजण थांबत नाहीत. अक्षरांत ‘पेनसिल्व्हेनिया’ या नावातले एक ‘एन’ कमी आहे. ‘सर्व देशात, सर्व रहिवाशांना स्वातंत्र्याची घोषणा करा’ या अर्थाचे बायबलमधले वचन तिच्यावर आहे, आणि तिला ‘लिबर्टी बेल’ हे नाव दिले ते १८३० च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी; तोवर ती नुसती राज्यगृहाची घंटा होती.

आणि याच घंटेच्या शेजारी, सहाव्या व मार्केट रस्त्यांच्या कोपऱ्यावर, एका घराचा पाया उघडा ठेवलेला आहे. १७९० ते १८०० या काळात फिलाडेल्फिया देशाची राजधानी होती, आणि अध्यक्ष वॉशिंग्टन या घरात राहत. त्यांनी माउंट व्हर्नन या आपल्या व्हर्जिनियातल्या मळ्यावरून नऊ गुलाम माणसे येथे आणली होती. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला तर त्याला मुक्तता मागता येई. म्हणून मुदत भरण्याआधी त्यांना राज्याबाहेर फिरवून आणले जाई. त्यांतली ओना जज ही तरुणी १७९६ च्या मे महिन्यात, मालक मंडळी जेवायला बसली असताना, घराबाहेर पडली, जहाजाने न्यू हॅम्पशायरला गेली, आणि पुन्हा कधी त्यांच्या हाती लागली नाही. हॉल, घंटा आणि हा पाया ही तिन्ही ठिकाणे मिळून दोनतीन मिनिटांच्या चालण्याची आहेत. येथे तुमच्या पतींची पंधरा मिनिटे पुरणार नाहीत, आणि तसे त्यांनाच वाटेल. मग वॉशिंग्टन स्क्वेअरमध्ये, अनाम सैनिकाच्या समाधीसमोरच्या बाकावर, सावलीला बसा.

मला हे इतके ठासून सांगता येते, कारण मी स्वतः हे शहर पहिल्यांदा चुकीच्या पद्धतीने पाहिले. पुष्कळ वर्षांपूर्वी न्यू यॉर्कहून निघालेल्या एका सहलीच्या बसने आम्ही उभयता आलो होतो. घंटेसाठी वीस मिनिटे मिळाली, त्यांतली सतरा रांगेत गेली, आणि उरलेल्या तीन मिनिटांत आमच्या ह्यांनी माझे छायाचित्र काढले, ज्यात घंटेऐवजी एका उंच गृहस्थांची पाठ आली आहे. ते छायाचित्र अजून घरात आहे.

रविवारी दुपारी कला संग्रहालय. त्याच्या उघडण्याच्या वेळा आदल्या आठवड्यात पाहून ठेवा, कारण काही वारी ते बंद असते. एका बॉक्सिंगपटामुळे त्याच्या दाराशी असलेल्या बहात्तर पायऱ्या जगप्रसिद्ध झाल्या आहेत. तुमच्या पतींना त्या धावत चढायच्या असतील तर तुम्ही खाली उभे राहून टाळ्या वाजवाव्यात, यात कमीपणा काही नाही. आत गेल्यावर मात्र दोन तास वेगळे व्हा. ही माझी सर्वांत आग्रहाची सूचना समजा. संग्रहालयात माणसांच्या पायांचा वेग जुळत नाही, आणि लग्नात सर्वाधिक सुस्कारे अशा दालनांत सोडले जातात. त्यांनी त्यांचे पाहावे, तुम्ही तुमचे, आणि ठरल्या वेळी मदुराईच्या मंडपात भेटावे.

होय, मदुराईच्या. मदनगोपाळ स्वामींच्या मंदिराचा, सोळाव्या शतकातला, ग्रॅनाइटच्या कोरीव खांबांचा मंडप या संग्रहालयात उभा आहे. १९१२ साली मदुराईला गेलेल्या ॲडलाइन पेपर गिब्सन या फिलाडेल्फियाच्या बाईंनी सुटे पडलेले ते दगड विकत घेतले, आणि १९१९ साली त्यांच्या कुटुंबाने ते संग्रहालयाला दिले. पुढे स्टेला क्रामरिश या थोर विदुषी १९५४ पासून येथील भारतीय कलाविभाग सांभाळत होत्या. त्या खांबांमध्ये उभे राहिल्यावर कुणाला अभिमान वाटतो, कुणाला हे दगड येथे कसे आले याचा राग येतो. तुमच्यापैकी कुणाला काय वाटले, हे रात्रीच्या जेवणावर बोला. परक्या शहरात नवराबायकोला घरच्या कटकटींखेरीज दुसरा विषय मिळणे हीसुद्धा मोठी सोय असते.

आता ती कापलेली ओळ.

तुमचे पती वस्तुस्थितीला धरून बोलले. आनंदीबाई ज्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात शिकल्या, ते त्या काळी शहराच्या उत्तर भागात, नॉर्थ कॉलेज ॲव्हेन्यू आणि एकविसाव्या रस्त्यापाशी होते. पुढे संस्था तेथून हलली, आणि तिची कागदपत्रे आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहात आहेत. तो अभ्यासकांसाठीचा संग्रह आहे, सणाच्या सुट्टीत तेथे दार ठोठावून उपयोग नाही. आनंदीबाईंचा वर्ग, त्यांचे बाक, यांतले तुम्हाला काही दिसणार नाही. पण रस्त्यापलीकडे गिरार्ड कॉलेजची उंच दगडी भिंत आहे. एका श्रीमंत सावकाराच्या मृत्युपत्राप्रमाणे मुलांच्या शाळेभोवती घातलेली ती भिंत १८४८ पूर्वीची, म्हणजे आनंदीबाईंच्या येण्यापूर्वी किमान पस्तीस वर्षे तेथे होती आणि अजूनही आहे. त्यांनी ती रोज पाहिली असणार. तुम्ही दोघांनी तिच्या कडेने दहा मिनिटे चालावे, एवढेच ते ठिकाण. सोमवारी सकाळी, उजेडी, हॉटेलवरून टॅक्सीने जा, आणि टॅक्सीनेच परत या.

जाण्यापूर्वी पतींना काही गोष्टी सांगा, किंवा हे उत्तर त्यांना वाचायला द्या. १८८३ च्या जून महिन्यात, अठरा वर्षांची कल्याणची एक मुलगी कलकत्त्याहून नवऱ्यावाचून निघून न्यू यॉर्कला उतरली आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, थिओडिसिया कार्पेंटर या बाईंच्या घरी राहिली. रोझेल तुमच्या एडिसनपासून मोटारीने अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. त्या वर्षीच्या पानगळीत ती तेथून फिलाडेल्फियाला शिकायला गेली. म्हणजे शनिवारी तुम्ही जो प्रवास करणार आहात, न्यू जर्सीतून त्या शहराकडे, तोच तिने केला होता. ११ मार्च १८८६ रोजी तिला वैद्यकाची पदवी मिळाली, तेव्हा तिला एकविसावे वर्ष पूर्ण व्हायला वीस दिवस बाकी होते. पंडिता रमाबाई त्या समारंभासाठी इंग्लंडहून आल्या होत्या. गोपाळरावही हजर होते. हे गृहस्थ सोपे नव्हते. बायकोने काय शिकावे, कुठे जावे, याची यादी करणाऱ्या नवऱ्यांचे ते मूळपुरुष म्हणता येतील, आणि त्यांच्या हट्टावाचून हे घडलेही नसते. वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात वारल्या.

त्या महाविद्यालयात १८८५ साली काढलेले एक छायाचित्र इंटरनेटवर सहज मिळते. त्यात तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशीच्या वेषात आहेत : जपानच्या केई ओकामी किमोनोत, सीरियाच्या सबात इस्लामबूली, आणि साडीतल्या आनंदीबाई. कुणीही हसत नाही. ते फोनवर उतरवून घ्या आणि त्या भिंतीशी उभे राहून दोघे मिळून पाहा. त्यानंतरही तुमचे पती ‘इथे पाहण्यासारखे काही नाही’ असे म्हणाले, तर मला पुन्हा पत्र लिहा. पण फ्रँकलिन कोर्टाच्या त्या रिकाम्या सांगाड्याखाली दहा मिनिटे बसलेला माणूस असे सहसा म्हणत नाही.

ही ओळ यादीत परत घालायला तुम्ही त्यांना मागू नका, सांगा. वॉशिंग्टनच्या सहलीच्या वेळी तुम्ही दिवसभर मागे चालत राहिलात आणि संध्याकाळी एकदम चिडलात, असे पत्रातल्या मधल्या ओळींवरून मला दिसते. त्यांना तुमचे मन ओळखता यायला हवे होते हे खरे, तरी एकोणीस नावांच्या यादीसाठी तुम्ही फक्त एकच नाव सुचवावे याला थोड्या तुम्हीही जबाबदार आहात. आणखी दोन नावे शोधा. ती आग्रहाने घाला. मग मिनिटांबद्दल तक्रार करण्याचा तुमचा हक्क अधिक भक्कम होईल.

एक काम मात्र पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा. सोमवारी गाड्या सुट्टीच्या वेळापत्रकाने धावतात, आणि ट्रेन्टनला पुढची गाडी चुकली तर फलाटावर बराच वेळ बसून राहावे लागते. दोन्ही गाड्यांच्या वेळा जुळवून, मध्ये चहापुरती फट ठेवून, रविवारी रात्रीच त्यांनी तुम्हाला सांगावे. तेवढ्यासाठी त्यांनी एक्सेल उघडायला माझी हरकत नाही.